चितळकरांच्या गळ्यातले रॉक अँड रोल

'अलबेला' या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिका १९५१ साली घराघरांत वाजू लागल्या, तेव्हा संगीतकार म्हणून सी. रामचंद्र आणि गायक म्हणून चितळकर अशी दोन नावे रसिकांच्या कानी पडू लागली. ही दोन माणसे आहेत, असे समजणारे श्रोते त्या काळी पुष्कळ होते. चाली बांधणारा कुणी मद्रासकडचा असावा आणि गाणारा कुणी मराठी, असा समज करून घेणेही अवघड नव्हते. प्रत्यक्षात दोन्ही नावे एकाच गृहस्थाची होती. रामचंद्र नरहर चितळकर यांनी संगीतकार म्हणून आडनावाचे आद्याक्षर पुढे घेतले आणि गायक म्हणून फक्त आडनाव ठेवले. संगीतकाराच्या नावाला कीर्ती मिळाली. गायकाचे नाव मात्र कायम अर्धवट ओळखीचेच राहिले.

पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका हिंदी चित्रपटात कुणी रुजवला, हा प्रश्न निघाला की सी. रामचंद्र यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण तो ठेका सर्वसामान्य श्रोत्याच्या ओठांवर ज्या आवाजाने नेला, तो आवाज बहुतेक वेळा चितळकरांचा होता, हे सहसा सांगितले जात नाही. १९४७ ते १९५५ या आठ-नऊ वर्षांत त्यांनी जे गायिले, ते आज सलग ऐकले तर अमेरिकेत रॉक अँड रोलचा गवगवा होण्याआधीच त्याची एक देशी तालीम मुंबईत सुरू होती, असे वाटू लागते.

रामचंद्र यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. गोदावरीकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बाँगो असल्या वाद्यांशी त्या गावाचा दुरूनही संबंध नव्हता. मुलाला गाण्याचे अंग होते आणि त्याची तालीम रीतसर झाली. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याला पंडित विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात ते शिकले. सप्रे गुरुजी म्हणजे ज्यांच्या हाताखाली वसंतराव देशपांडे यांच्यासारखा गवई घडला ते. विनायकबुवा हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांनी पुण्यातील महाविद्यालय १९३२ मध्ये सुरू केले. ख्यालाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, त्यांची ख्याती तराण्यासाठी होती. ज्या गायनप्रकारात शब्दांना अर्थ नसतो, केवळ नादमय अक्षरे लयीवर फेकायची असतात, त्या प्रकाराचा हा मातब्बर गवई. या तपशिलाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

देखणा चेहरा आणि गाता गळा असलेल्या तरुणाला त्या काळात चित्रपटाचे दार खुणावत असे. पार्श्वगायन अजून रूढ व्हायचे होते आणि पडद्यावर जो दिसे त्यालाच गावेही लागे. वाय. व्ही. राव यांच्या १९३५ सालच्या 'नागानंद' चित्रपटात रामचंद्र यांना एकदम नायकाची भूमिका मिळाली. चित्रपट चालला नाही. नायक होण्याचे स्वप्न तिथेच विरले आणि सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करण्याची पाळी आली. तेथे बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांना साथ करण्यासाठी त्यांच्या हाती हार्मोनियम आली. पडद्यापुढून पडद्यामागे जाण्याचा हा प्रवास एखाद्याला खचवणारा ठरला असता. रामचंद्र यांच्या बाबतीत मात्र तोच भाग्याचा ठरला.

तेथून पुढच्या वाटेवर त्यांना भेटला तो भगवान आभाजी पालव. गिरणगावात वाढलेला, कुस्तीची हौस असलेला, अत्यल्प भांडवलात मारधाडीचे चित्रपट काढणारा हा मनुष्य शिष्टसंमत वर्तुळाच्या पुष्कळच बाहेरचा होता. भगवान यांनी तामिळ चित्रपटही दिग्दर्शित केले. त्यांपैकी 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या चित्रपटांचे संगीत रामचंद्र यांचे होते. म्हणजे संगीतकार म्हणून या मराठी तरुणाची सुरुवात झाली ती तामिळ भाषेत! हिंदीत त्यांच्याकडे लक्ष गेले ते १९४२ च्या 'सुखी जीवन'मुळे आणि तो चित्रपटही भगवान यांचाच. त्या वेळी ते राम चितळकर या नावाने संगीत देत. कुठे राम चितळकर, कुठे अण्णासाहेब, कुठे श्यामू आणि अखेर सी. रामचंद्र, अशी या माणसाची नावे चित्रपटागणिक बदलत गेली. आपल्या कामाचे काही प्रकार एकमेकांत मिसळू नयेत अशीच जणू त्यांची इच्छा असावी.

युद्धकाळातील मुंबई संगीताच्या दृष्टीने फार श्रीमंत होती. ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात आणि शहरातील इतर बड्या हॉटेलांत जॅझ वाजत असे. ते वाजवणारे बहुसंख्य वादक गोमंतकीय ख्रिस्ती होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून त्यांना लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. नोकरीच्या शोधात मुंबईला आलेले हे तरुण धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावच्या 'कुडां'मध्ये राहत, रात्री हॉटेलांत वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतील रात्री ओस पडू लागल्या आणि या वादकांना स्टुडिओचाच मुख्य आधार उरला. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद पन्नासच्या दशकात एकाएकी इतका भरघोस कसा झाला, याचे एक उत्तर दारूबंदीच्या कायद्यात दडलेले आहे. ते मोरारजीभाईंना कितपत रुचले असते, हा भाग वेगळा.

रामचंद्र यांना अमेरिकन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या स्विंग संगीताची ओढ होती. पण ओढ असणे वेगळे आणि ते संगीत वाद्यांतून उतरवणे वेगळे. हार्मोनियमवर चाल बांधणाऱ्या संगीतकाराला ट्रम्पेट कुठे शिरावा, सॅक्सोफोनने कोणता स्वर धरावा, हे कागदावर लिहून देणारा जाणकार लागतो. तो त्यांना लाभला चिक चॉकलेट यांच्या रूपाने. त्यांचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. गोव्यातील हळदोणे हे त्यांचे गाव, जन्म १९१६ चा. ट्रम्पेट वाजवण्याच्या आणि गाण्याच्या ढंगामुळे भारताचे लुई आर्मस्ट्राँग अशी त्यांची ओळख होती. जॉन गोम्स हे दुसरे गोमंतकीय सहायक. चाल मराठी माणसाची, पेहराव गोव्याचा आणि शब्द उर्दू-हिंदीचे, असे हे त्रिकूट जमले. त्या काळच्या प्रथेनुसार श्रेयनामावलीत गोमंतकीय वादकांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. ही चित्रपटसृष्टीच्या इतिहासातील एक मोठी उणीव आहे आणि तिची थोडीफार भरपाई अलीकडच्या संशोधकांनी केली आहे.

या जोडणीचा पहिला मोठा धमाका १९४७ च्या 'शहनाई'त झाला. प्यारेलाल संतोषी यांचा हा फिल्मिस्तानचा चित्रपट. त्यातील रविवारच्या भेटीचे निमंत्रण देणारे खट्याळ गाणे देशभर गाजले. त्यात गिटार आणि हार्मोनिकाच्या जोडीला अल्टो सॅक्सोफोन होता, शीळ होती आणि चितळकरांचा आवाज होता. अभिरुचीची काळजी वाहणाऱ्यांनी नाके मुरडली. अर्धे इंग्रजी, अर्धे हिंदी अशा त्या गाण्याने संस्कृती बुडाल्याचा ओरडा झाला. दोन वर्षांनी 'पतंगा'मध्ये रंगूनहून टेलिफोन करणारा नवरा आला. शमशाद बेगम यांच्या खणखणीत स्वराला चितळकरांनी दिलेले मिस्कील उत्तर हाच त्या गाण्याचा प्राण होता. १९५० च्या 'समाधी'त लॅटिन अमेरिकन धर्तीच्या एका इंग्रजी गाण्यावरून बेतलेली चाल आली. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजातील ते गाणे इतके लोकप्रिय झाले की मूळ गाणे भारतात कुणाला ठाऊकही उरले नाही.

उसनवारीचा आरोप सी. रामचंद्र यांच्यावर तेव्हापासून चिकटला. काही गाण्यांपुरता तो खराही आहे. परंतु उसनी चाल घेणे सोपे आणि ती पचवणे अवघड असते. परक्या ठेक्यावर हिंदी शब्द कृत्रिम वाटू न देणे, त्यातील ऱ्हस्व-दीर्घ न मोडता लय सांभाळणे, हे काम शास्त्रीय तालमीवाचून जमणारे नव्हते. इथे चितळकर नावाच्या गायकाचे महत्त्व कळते. आवाज काही असामान्य नव्हता. पल्ला मोठा नाही, धार नाही, किंचित नाकातला आणि मऊ. पण शब्द टाकण्याची जागा अचूक असे. इंग्रजी गायकाची नक्कल करण्याचा मोह त्यांना झाला नाही. शेजारच्या चाळीतला एखादा गमत्या तरुण गाऊ लागावा तसे ते गात आणि त्यामुळे ट्रम्पेट-सॅक्सोफोनची परकी दुनिया श्रोत्याला एकदम घरातली वाटू लागे.

'अलबेला' हा या साऱ्याचा कळस. मारधाडीच्या चित्रपटांतून बाहेर पडून सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला भगवान यांना राज कपूर यांनी दिला, अशी हकीकत सांगितली जाते. भगवान यांनी स्वतःच निर्मिती, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका पत्करली. नायिका गीता बाली, गीतकार राजेंद्रकृष्ण. तेव्हाच्या चित्रपटाचा 'अल्बम' म्हणजे आजच्यासारखी एक तबकडी नव्हे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे एकच गाणे मावे. त्यामुळे 'अलबेला'ची सगळी गाणी घरात हवी असतील तर अनेक तबकड्या विकत घ्याव्या लागत. लोकांनी त्या घेतल्या. ज्यांना परवडत नव्हत्या त्यांनी इराण्याच्या हॉटेलात चहाचा कप समोर ठेवून ऐकल्या.

या संचातील बहुतेक युगुलगीतांत लताबाईंच्या जोडीला चितळकर आहेत. मोहम्मद रफी यांचाही आवाज चित्रपटात आहे, पण नायक भगवान यांची ओळख बनला तो चितळकरांचा गळा. 'शोला जो भडके' या गाण्यात बाँगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन अशी वाद्ये एकत्र आली. आणखी एका नृत्यगीतात तर चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंदच झालरीच्या पोशाखात पडद्यावर अवतरला. ज्यांचे नाव सहसा कुठे छापले जात नसे, त्यांचा चेहरा तरी अशा रीतीने लोकांपुढे आला. याच चित्रपटात लताबाईंनी गायिलेली एक अंगाईही आहे. इतक्या धांगडधिंग्यात ती अंगाई विसंगत वाटायला हवी होती. ती वाटत नाही, कारण दोन्ही चालींमागचा हात एकच आहे. सुरावट साधी ठेवायची आणि नटवायची ती लयीने, ही त्या हाताची सवय.

काटेकोर बोलायचे तर 'अलबेला'चे संगीत म्हणजे रॉक अँड रोल नव्हे. त्यात स्विंग आहे, लॅटिन ठेके आहेत, जॅझचे रंग आहेत. पण अमेरिकेतही १९५१ साली रॉक अँड रोल अजून पाळण्यातच होते. क्लीव्हलँडच्या रेडिओवर अ‍ॅलन फ्रीड नावाचा निवेदक कृष्णवर्णीयांच्या नृत्यगीतांच्या तबकड्या गोऱ्या मुलांना ऐकवू लागला होता आणि ते नाव त्याने रूढ केले. एल्व्हिस प्रेसली यांनी मेम्फिसच्या सन स्टुडिओत पहिली व्यावसायिक तबकडी भरली ती १९५४ मध्ये. त्यांचा पहिला दीर्घ अल्बम आला मार्च १९५६ मध्ये आणि तो अमेरिकेतील विक्रीच्या यादीत दहा आठवडे अव्वल राहिला. जॅझ आणि ब्लूज यांच्या ज्या मिश्रणातून तिकडे हे घडत होते, त्यातील जॅझचा अर्धा भाग मुंबईच्या स्टुडिओंत गोमंतकीयांच्या बोटांत आधीपासून तयार होता.

चित्रपट अफाट चालला. प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचत आणि पडद्यावर नाणी उधळत, अशा आठवणी जुने लोक सांगत. भगवान यांचा नाच हा शिकलेल्या नर्तकाचा नव्हता. हात जरा उंचावून, कोपरात वाकवून, कंबर हलकेच डोलवत, जागच्या जागी सरकण्याचा तो प्रकार. तो कुणालाही जमे आणि म्हणूनच तो लोकांचा झाला. ठाकुर्ली-डोंबिवलीच्या वरातींपासून गिरगावच्या विसर्जन मिरवणुकीपर्यंत, नाच न येणारा मराठी माणूस बँड वाजू लागल्यावर जे काही करतो, ते मुळात भगवानदादांचे आहे. आणि भगवानदादांच्या त्या हालचाली घडल्या त्या चितळकरांच्या लयीवर.

दिल्लीत मात्र वारे उलट्या दिशेने वाहत होते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे हाती आलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठीच होते आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटसंगीत, त्यातही पाश्चात्त्य वळणाचे, राष्ट्राची अभिरुची बिघडवते अशी त्यांची ठाम धारणा होती. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनने 'बिनाका गीतमाला' सुरू केली आणि दर बुधवारी रात्री ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीपासून दादर-परळच्या चाळींपर्यंत जिथे रेडिओ होता तिथे काटा कोलंबोकडे फिरू लागला. अमीन सयानी यांचा आवाज घरचा झाला. पलुस्कर परंपरेत शिकलेला संगीतकार एकीकडे आणि त्या परंपरेच्या नावाने त्याच्या गाण्यांना दार बंद करणारा मंत्री दुसरीकडे, असा हा विचित्र सामना होता. केसकरांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शास्त्रीय संगीताला त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर मानाचे स्थान मिळाले. पण सी. रामचंद्र यांना अभिरुचीचे शत्रू मानणे हा निखालस अन्याय होता.

तो किती अन्याय होता हे १९५३ च्या 'अनारकली'ने दाखवून दिले. ट्रम्पेटवाले सी. रामचंद्र म्हणून नाके मुरडणाऱ्यांपुढे त्यांनी लताबाईंच्या आवाजात रागदारीचा असा काही गोडवा ठेवला की टीकाकार गप्प झाले. भीमपलासच्या अंगाने जाणारे त्यातील अखेरचे गाणे आजही त्या रागाची ओळख करून देताना उदाहरण म्हणून घेतले जाते. १९५५ मध्ये दिलीपकुमार यांचा 'आझाद' आला. निर्मात्याला सगळी गाणी अत्यंत कमी मुदतीत हवी होती. नौशाद यांनी नकार दिला आणि सी. रामचंद्र यांनी ते आव्हान पेलले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच चित्रपटातील एक हळुवार युगुलगीत तलत महमूद यांच्यासाठी योजले होते. ते उपलब्ध होऊ शकले नाहीत, तेव्हा चितळकरांनी ते स्वतःच गायिले, आणि तेही तलत यांच्या कंपयुक्त शैलीत. ते तलत यांनीच गायिले आहे अशी पैज मारणारे रसिक अजून भेटतात. एका गायकाला याहून मोठी दाद कोणती आणि याहून मोठी उपेक्षा तरी कोणती!

१९५७ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीचे माथ्यावरचे वर्ष म्हणता येईल. त्या वर्षी सोहराब मोदी यांच्या 'नौशेरवान-ए-आदिल'ला त्यांनी संगीत दिले. ज्या मिनर्व्हामध्ये साथीला हार्मोनियम वाजवली, त्याच मालकाच्या चित्रपटाचे ते संगीतकार झाले आणि गझलेच्या अंगाची नितांत सुंदर गाणी त्यांनी तिथे दिली. त्याच वर्षी एम. व्ही. रामन यांचा 'आशा' प्रदर्शित झाला. नायक किशोरकुमार, नायिका वैजयंतीमाला. आदल्याच वर्षी बिल हेली यांच्या गाण्यांभोवती रचलेला 'रॉक अराउंड द क्लॉक' हा चित्रपट जगभर गाजला होता आणि एल्व्हिस यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. सी. रामचंद्र यांनी या लाटेला उत्तर दिले ते 'ईना मीना डीका' या गाण्याने. हिंदीतील पहिल्या अस्सल रॉक अँड रोल गीतांत त्याची गणना होते.

या गाण्याच्या जन्माची कथा गमतीची आहे. संगीताच्या खोलीबाहेर खेळणारी मुले गडी निवडताना इंग्रजी बडबडगीत म्हणत होती, ते ऐकून रामचंद्र आणि जॉन गोम्स यांनी निरर्थक अक्षरांची माळ गुंफायला घेतली. गोम्स यांनी 'मला नको' या अर्थाचे दोन कोकणी शब्दही मध्येच खुपसून दिले, असे सांगतात. राजेंद्रकृष्ण यांच्यासारखा कसलेला गीतकार हाताशी असताना मुखडा झाला तो अर्थहीन अक्षरांचा. आपल्याकडच्या केरव्यात वजन सहसा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडते. रॉक अँड रोलमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आघात असतो. हा उलटा झोका साधायचा तर अर्थाच्या ओझ्याने जड झालेले शब्द आड येतात. अक्षरे मोकळी हवीत, फेकता येतील अशी.

जॅझमध्ये या अर्थहीन अक्षरगायनाला 'स्कॅट' म्हणतात आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२६ च्या एका तबकडीने ते लोकप्रिय केले. सी. रामचंद्र यांनी ते तिकडून घेतले, असेच आजवर लिहिले गेले आहे. पण विनायकबुवांच्या शिष्याला निरर्थक अक्षरे द्रुत लयीत अचूक पेरण्याची कला शिकायला अमेरिकेकडे बघण्याची कितपत गरज होती? दिर दिर, तोम, तनन यांचा खेळ ज्याने कोवळ्या वयात कानांत साठवला, त्याला 'स्कॅट' हे परके वाटले नसणार. या गाण्याची एक मुळी शिकागोत असेल, तर दुसरी पुण्यात शोधायला हरकत नसावी.

हे गाणे चितळकरांनी स्वतः गायिले नाही. ते किशोरकुमार यांनी आणि स्वतंत्रपणे आशा भोसले यांनी गायिले. पडद्यावर किशोरकुमार असताना दुसऱ्याचा आवाज घेण्याचा प्रश्नच नव्हता. किशोरकुमार यांनी त्या गाण्याचे जे केले ते चितळकरांना साधले नसते, हेही मान्य केले पाहिजे. त्या गळ्यातला वेग, उसळी आणि वेडेपणा चितळकरांकडे नव्हता. दहा वर्षे ज्या संगीतासाठी त्यांनी आपल्या मर्यादित आवाजाने वाट पाडली, त्या वाटेवरचे सर्वांत मोठे गाणे दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. संगीतकार रामचंद्र यांनी गायक चितळकरांना बाजूला केले. तो निर्णय निर्दोष होता.

'आशा' ज्या वर्षी आला त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू करून चित्रपटगीतांना अखेर पुन्हा दार उघडले. पण सी. रामचंद्र यांचा पुढचा काळ उताराचा ठरला. लताबाईंशी त्यांचे बिनसले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती इथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. परिणाम मात्र स्पष्ट होता. ज्या आवाजाला समोर ठेवून त्यांनी आपल्या सर्वोत्तम चाली बांधल्या, तो आवाज दुरावला. व्ही. शांताराम यांच्या १९५९ च्या 'नवरंग'मध्ये त्यांनी आशाबाई आणि महेंद्र कपूर यांच्याकडून उत्तम गाणी गाऊन घेतली. पण निर्मात्यांचा ओघ आटत गेला. नृत्यप्रधान, पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांचा बाजार तेव्हा खऱ्या अर्थाने तेजीत येत होता. शंकर-जयकिशन यांनी १९६१ च्या 'जंगली'ने तरुणांना वेड लावले. १९६६ मध्ये राहुलदेव बर्मन यांचा 'तीसरी मंझिल' आला. पेरणी करणारा मात्र सुगीच्या वेळी शेताबाहेर उभा होता.

मध्यंतरी एक दिवस असा उगवला की साऱ्या देशाने त्यांची चाल ऐकली. चीनबरोबरच्या युद्धातील पराभवाची जखम ओली असताना, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लताबाईंनी कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगों' गायिले. नेहरूंचे डोळे पाणावल्याची नोंद इतिहासात झाली. संगीत सी. रामचंद्र यांचे होते. दुरावलेला तो आवाज या एका गाण्यासाठी पुन्हा त्यांच्या चालीत आला. तरीही त्या गाण्याची कथा सांगताना गायिका, कवी आणि पंतप्रधान यांची नावे आधी येतात. चाल बांधणाऱ्याचे नाव पुष्कळदा राहूनच जाते.

नंतरच्या वर्षांत ते मराठीकडे अधिक वळले. 'धनंजय' आणि 'घरकुल' या चित्रपटांत त्यांचा निर्माता, संगीतकार आणि नट असा तिहेरी सहभाग होता. 'घरकुल'मधील वडील आणि आई कुणाचे, हे मुलांना लाडिकपणे विचारणारे गाणे मराठी घरांत अजून गायिले जाते. ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी चाली दिल्या. 'गीतरामायणा'च्या सावलीत ती रचना झाकोळली गेली, हे खरे असले तरी ती अधिक ऐकली जायला हवी होती. १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आले. त्यातील मोकळेपणामुळे खळबळ उडाली आणि संगीतापेक्षा इतर गोष्टींचीच चर्चा अधिक झाली. सिनेसंगीतकाराने आपल्या कारागिरीविषयी मराठीत लिहिण्याचे प्रसंग मुळात थोडे. म्हणून ही चर्चा भलत्या दिशेने गेल्याचे वाईट वाटते.

५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सी. रामचंद्र यांचे निधन झाले. ६४ वर्षे पूर्ण व्हायला एक आठवडा उरला होता. चिक चॉकलेट त्याआधीच, १९६७ मध्ये गेले होते. 'अलबेला'च्या मूळ मंडळींपैकी भगवानदादा त्यानंतरही बरीच वर्षे राहिले. मोटारी आणि बंगला गमावून ते पुन्हा दादर-परळच्या चाळीत राहायला आले होते. चित्रपटांत मिळतील त्या मिनिटा-दोन मिनिटांच्या भूमिका करत आणि बहुतेक दिग्दर्शक त्यांच्याकडून एकच गोष्ट मागत, ती म्हणजे तो नाच. ४ फेब्रुवारी २००२ रोजी तेही गेले. २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई यांनी भगवानदादांची आणि विद्या बालन यांनी गीता बालींची भूमिका केली. 'अलबेला'ची जुनी गाणी त्यानिमित्ताने पुन्हा एकदा मराठी प्रेक्षकांच्या ओठांवर आली.